डोळा भरायचा चाकू

शनिवारी ड्रॉवर आवरायला घेतला आणि दोन तास गेले. माझ्याकडे सध्या खिशातले अकरा चाकू आणि तीन मल्टिटूल आहेत. उपयोग? पार्सल उघडणे. (बायकोचं मत: त्याला कात्री पुरते.)

पण यातली जवळपास प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून जन्मलेली आहे. म्हणजे बघा, स्विस सैन्यात 1889 ची नवी रायफल आली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा, जेवणाचे डबे उघडायला ओपनर. मग हे दोन्ही, शिवाय पातं आणि भोक पाडायची आरी, एकाच मुठीत बसवलं. गंमत म्हणजे 1891 मध्ये सैनिकांना मिळालेले पहिले चाकू जर्मनीतल्या सोलिंगनचे होते! स्वित्झर्लंडमध्ये तेवढे बनवायची सोयच नव्हती. कार्ल एल्सनरने ते काम नेटाने स्वतःकडे आणलं आणि 1897 मध्ये ऑफिसरांसाठीचा कॉर्कस्क्रूवाला चाकू नोंदवला. टिम लेदरमन 1975 मध्ये जुनाट फियाटने युरोप फिरत होता. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. त्याचं पहिलं टूल बाजारात यायला 1983 उजाडलं. आठ वर्षं! आपल्याकडे दोन महिने उशीर झाला तर एस्कलेशन होतं. असो.

ड्रॉवरमधला एकच चाकू मी विकत घेतलेला नाही. तो मामांचा. बदनापूर तालुका, जिल्हा जालना. लाकडी मूठ, एका टोकाला घडीचं पातं, दुसऱ्या टोकाला पितळेची बोथट जीभ. मोसंबीचा डोळा भरायचा चाकू. जंबेरीच्या खुंटावर इंग्रजी टी सारखा छेद घ्यायचा, जिभेने साल अलगद उचलायची, आत मोसंबीचा डोळा सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. जीभ बोथट का? तर सालीखालचा ओला थर फाटला की डोळा धरत नाही. दोनच अवजारं, पण दोन्ही कामाची.

जालन्यात स्टीलचे एवढे कारखाने, मग चाकू तिथला का नाही, असं मी लहानपणी विचारायचो. उत्तर फार नंतर कळलं. तिथे मुख्यतः बांधकामाची सळई बनते. ती वाकली पाहिजे, तुटायला नको, म्हणून मानकाप्रमाणे तिच्यात कार्बन 0.30 टक्क्यांच्या आतच. धार टिकायला मात्र साधारण अर्धा टक्का तरी हवा. गावाकडे घिसाडी विळे-खुरपी घडवायचे ते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे, ते उगाच नाही.

मग 2012 चा दुष्काळ आला. जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. मामांनी टँकरने पाणी घालून हिवाळा काढला, 2013 च्या मार्चमध्ये हात टेकले. झाडं सरपणाला गेली. मी भेटायला गेलो तर हा चाकू हातावर ठेवला. "घे, तू जमवतोस ना. आता कशाचा डोळा भरू?"

मला तेव्हा आनंद झाला होता. कलेक्शनमध्ये असला एकही पीस नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं तसंच. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला, मित्रांना दाखवला.

परवा मामांचा फोन आला. शेततळं भरलंय, रोपं घरीच करायची म्हणतात. वय झालंय, हात थरथरतात, पण नर्सरीवाल्यावर विश्वास नाही.

"तो चाकू हाय ना रे? धार लावून आण. अन् कुरियरनं धाडू नको."

शुक्रवार रात्रीच्या देवगिरीचं तिकीट वेटिंग तीनवर आहे.