दख्खनच्या मद्यव्यापाराचे मातीचे दप्तर

मद्यव्यापाराचा इतिहास पाहावयाचा असेल तर पुण्यास जावे, असे कोणी सांगितल्यास ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटेल. तथापि येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व संग्रहालयात जो जिज्ञासू सवडीने हिंडेल, त्याला दख्खनच्या प्राचीन मद्यव्यापाराकडे नेणारी वाट तेथील मृद्भांड्यांच्या सान्निध्यातच सापडेल. द्रव पदार्थ इतिहासास पुरावा ठेवीत नाही. तो ठेवते त्याचे पात्र.

डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरातीरी नेवासे येथे जे उत्खनन केले, त्यात सातवाहनकालीन थरांमध्ये भूमध्य सागराकडील मद्यकुंभांची, म्हणजेच अँफोरांची, खापरे मिळाली. दोन कानांचा, उंच मानेचा आणि निमुळत्या बुडाचा हा कुंभ सपाट जमिनीवर आधारावाचून उभा राहत नसे, कारण तो जहाजाच्या तळाशी एकास एक खेटून रचण्यासाठीच घडविलेला असे. आतील मद्य झिरपू नये म्हणून त्यास राळेचा लेप देत, आणि इटलीतील काम्पानिया प्रांताचा कुंभ असल्यास त्याच्या मातीतील ज्वालामुखीची काळी रेव आजही त्याच्या जन्मस्थानाची ग्वाही देते.

हा माल येथवर कसा पोहोचला, याचा खुलासा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ करतो. भडोच बंदरी उतरणाऱ्या जिनसांत तो मद्य सांगतो, त्यातही इटलीच्या मद्यास अग्रस्थान देऊन लाओदिकिया व अरबस्तान येथील मद्यांची नोंद करतो, आणि राजासाठी आणावयाचे उंची मद्य निराळे लिहितो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर, असा त्याचा हिशेब आहे. नेवासे हे या पैठणच्याच टापूतले गाव. दुसरी वाट कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरास जाई. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवितात, आणि जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवन दात्यांचे लेख आहेत. एवढ्यावरून त्या घाटाने मद्यच आले असे सिद्ध होत नाही, परंतु परदेशी लोकांची या मुलखात ऊठबस होती, हे निर्विवाद ठरते.

पुढे मात्र या दप्तराची फेरतपासणी झाली. रोबर्टा टोंबर या संशोधिकेने २००७ साली दाखवून दिले की, भारतात रोमन म्हणून नोंदलेल्या खापरांपैकी पुष्कळशी वस्तुतः मेसोपोटेमिया व इराणी आखाताकडील ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत. त्यांस कान नसतात, आत डांबराचा लेप असतो, आणि रोमचा व्यापार ओसरल्यानंतरही, सासानी व आरंभीच्या इस्लामी अमदानीत, त्यांची आवक चालूच होती.

ज्याने लिहून ठेवले त्याच्याच नावे सारी आवक जमा धरण्याची खोड इतिहासकारांस असते, आणि रोमने लिहिले पुष्कळ; इराणी आखाताच्या खलाशांनी तसा रोजनामा मागे ठेवला नाही, म्हणून त्यांचा वाटा दीर्घकाळ परक्या खाती पडून राहिला. यास्तव अशा खापरापुढे उभे राहणाऱ्याने त्यावरील चिठ्ठी वाचण्यापूर्वी कुंभास कान आहे की नाही, आणि आतील काळिमा राळेचा की डांबराचा, हे आधी निरखावे.