तिमी, तिमिंगिल आणि देवमासा : किनाऱ्यावरील दर्शनाचा पुरावा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अकोट हे नगर समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्या परिसरातील पाणी पूर्णेस, पूर्णेचे तापीस व तापीचे सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. एवढाच काय तो वऱ्हाडचा समुद्राशी भौगोलिक संबंध. तरीही विदर्भाच्या वाङ्मयात आणि त्याच्या सीमेवरील कलेत समुद्र व त्यातील अजस्र जलचर यांची वर्णने विपुल आहेत. ही वर्णने करणाऱ्यांनी ते प्राणी पाहिले होते काय? अंतर्देशातील एखादा विद्यार्थी कोकणच्या सहलीत किल्ल्याच्या तटावरून पाण्याबाहेर आलेली काळसर पाठ पाहतो, तेव्हा त्याने खरोखर काय पाहिले आणि वाचलेले वा ऐकलेले त्यावर कितपत आरोपिले, हाही प्रश्न मूलतः तोच होय. समुद्री सस्तन प्राण्यांचा इतिहास हा बव्हंशी अशा दर्शनांचाच इतिहास असल्याने त्यांची पारख कशी करावी, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

पारखीचा पहिला निकष परदेशी साधनांत स्पष्ट दिसतो. इ. स. पू. ३२५ मध्ये अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणी आखाताकडे निघाला असता मकराणच्या किनाऱ्याजवळ त्याच्या खलाशांना समुद्रातून पाणी उंच उडताना दिसले. ते देवमाशांचे उच्छ्वास आहेत असे वाटाड्यांनी सांगताच वल्हेकऱ्यांच्या हातांतील वल्ही गळून पडली. तेव्हा निआर्कसने युद्धाप्रमाणे नौकांची रांग धरली, आरोळ्या व कर्णे यांचा गजर करविला आणि ते प्राणी बुडी मारून नौकांच्या मागे वर आले. हा वृत्तांत एरिअनने जतन केला आहे. ओहोटीमुळे उथळ पाण्यात अडकून मेलेल्या देवमाशांच्या हाडांची घरे त्या किनाऱ्यावरील मत्स्याहारी लोक बांधीत, हेही तोच सांगतो. म्हणजे एकाच वृत्तांतात पुराव्याचे दोन प्रकार आहेत : जिवंत प्राण्याचे क्षणिक दर्शन आणि मृत प्राण्याचा टिकाऊ सांगाडा.

भारतीय साधनांत तिसरा प्रकार प्रबळ आहे, तो म्हणजे श्रुती. तिमी, त्याला गिळणारा तिमिंगिल आणि तिमिंगिलासही गिळणारा तिमिंगिलगिल ही चढती परंपरा महाकाव्ये, कोश व बौद्ध अवदाने यांत आढळते. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर अशा महामत्स्याच्या मुखात शिरणारी नौका कोरली असून, वसुगुप्त नामक व्यापारी तिमितिमिंगिलाच्या कुक्षीतून सुटला असा अर्थाचा लेख तेथे आहे. येथे प्राण्याची ओळख त्याच्या जबड्यावरून होते, श्वासावरून नव्हे. नौका गिळणारा मत्स्य ही भयाची प्रतिमा आहे, निरीक्षणाची नव्हे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णावदानाच्या प्रसंगी चितारलेला जलचरांनी वेढलेल्या नौकेचा देखावाही याच परंपरेतला. त्या कथेचा नायक शूर्पारकचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा. परंतु चित्रकारासमोर समुद्र नव्हता, कथा होती.

या पार्श्वभूमीवर कालिदासाच्या रघुवंशातील तेराव्या सर्गाचे महत्त्व लक्षात येते. पुष्पक विमानातून राम सीतेस समुद्र दाखवितो, त्या वर्णनात तिमींविषयी चार गोष्टी आल्या आहेत : ते नदीमुखाशी असतात, जबडा पसरून जलचरांसह पाणी आत घेतात, मग मुख मिटतात, आणि डोक्यावरील रंध्रांतून पाण्याचे लोट वर सोडतात. यांतील पहिल्या तीन गोष्टी दंतपटल असलेल्या देवमाशांच्या आहारक्रियेशी बऱ्याच जुळतात. ते पाण्यासकट भक्ष्य तोंडात घेतात व मुख मिटून पाणी दंतपटलांतून बाहेर गाळतात. चौथी गोष्ट मात्र चूक आहे. डोक्यावरील रंध्र हे नासिकाद्वार असून त्यातून बाहेर पडतो तो फुप्फुसांतील श्वास. त्यातील बाष्प व रंध्राभोवतीचे पाणी यांमुळे तो दुरून कारंजासारखा भासतो.

परंतु हीच चूक इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाची आहे. केवळ कल्पनेने रचलेल्या प्राण्याच्या डोक्यावर रंध्र येण्याचे कारण नाही. आणि जवळून शवविच्छेदन केलेल्यास मुखातील पाणी डोक्यातून निघते असे वाटणार नाही. हा भ्रम दुरून, जिवंत प्राणी पाहणाऱ्यालाच होतो. तेव्हा या वर्णनाच्या मुळाशी किनाऱ्यावरील वा नौकेवरील कोणा प्रत्यक्षदर्शीचे निरीक्षण असले पाहिजे, असे म्हणण्यास आधार आहे. तो प्रत्यक्षदर्शी स्वतः कालिदास होता, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. खलाशांचे निरीक्षण कवीपर्यंत पोहोचणे तितकेच संभाव्य आहे.

या सावधगिरीची गरज विदर्भातील दुसऱ्या उदाहरणावरून पटते. पाचव्या शतकातील वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन, चंद्रगुप्त विक्रमादित्याचा दौहित्र, याने माहाराष्ट्री प्राकृतात सेतुबंध हे काव्य रचले. महामहोपाध्याय मिराशी यांच्या १९५७ सालच्या वाकाटकविषयक मराठी ग्रंथामुळे हे घराणे मराठी वाचकांस सुपरिचित झाले. सेतुबंधाचा विषयच समुद्र. त्यात पर्वतांच्या आघाताने खवळलेल्या जलचरांचे वर्णन ओघाने येते. परंतु ते अतिशयोक्तीच्या अंगाने जाते. भव्यता हा त्याचा हेतू असून प्राण्याची ओळख पटेल असे लक्षण त्यात शोधू जाणे व्यर्थ होय. समुद्राविषयी किती लिहिले आहे यावरून दर्शनाचे अनुमान काढता येत नाही; एखादे अनपेक्षित, निरुपयोगी वाटणारे लक्षणच साक्ष देते.

हा निकष अर्वाचीन कोकणास लावला असता वेगळीच अडचण उभी राहते. येथे नोंदी आहेत, पण त्या मुख्यतः मृत प्राण्यांच्या. जून २०१५ मध्ये रेवदंड्यास निळा देवमासा वाहून आला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या पुळणीवर ब्राइडचा देवमासा आढळला. जिवंत निळे देवमासे २०१५ सालीच सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ अभ्यासकांस दिसले, तेव्हा महाराष्ट्राच्या समुद्रात ते सुमारे शंभर वर्षांनी परतले, असे वृत्त प्रसिद्ध झाले. परंतु मधल्या शतकात प्राणी नव्हते की पाहणारे नव्हते?

उत्तर सरळ नाही. पाहणारे नव्हतेच असे म्हणावे, तर कोकणातील मच्छीमार डॉल्फिनला पूर्वापार ‘गादा’ म्हणतात. ज्याला नाव आहे ते नित्य पाहिले गेले आहे. न्यून होते ते नोंदीचे. दुसरीकडे, प्राणी खरोखरच घटल्याचेही प्रमाण आहे. १९६३ ते १९६७ या काळात सोव्हिएत नौकांनी अरबी समुद्रात बेकायदा शिकार केली. तीत हंपबॅक जातीचे २४२ आणि निळे देवमासे हजाराहून अधिक मारले गेले. आंतरराष्ट्रीय आयोगास दिलेले आकडे खोटे होते व खरे आकडे १९९०च्या दशकात उघड झाले. अरबी समुद्रातील हंपबॅक अन्य समुद्रांतील स्वजातीयांप्रमाणे ध्रुवप्रदेशाकडे स्थलांतर करीत नाहीत. त्यामुळे त्या हानीची भरपाई बाहेरून होणे दुर्घट. हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र म्हणून १९७९ मध्ये घोषित झाला. तोवर ही हानी होऊन गेली होती. अधिकृत दप्तर खोटे असताना किनाऱ्यावरील साध्या, दिनांकित नोंदी उपलब्ध असत्या, तर या प्रदेशातील घट केव्हा व कोठे झाली हे आज ताडून पाहता आले असते. त्या नोंदी नाहीत, आणि आता त्या निर्माण करता येणार नाहीत.

यावरून पुढील काळापुरता तरी बोध घेता येतो. किनाऱ्यावरील दर्शन क्षणिक असते. त्याला पुराव्याची योग्यता नोंदीने येते. दिनांक, वेळ, भरतीओहोटी, उभे राहण्याचे स्थान व दिशा, प्राण्यांची संख्या, पाठीवरील पर आहे की नाही, श्वासाचा फवारा किती उंच व कोणत्या आकाराचा, हे लगेच लिहावे. दोघांनी पाहिले असल्यास परस्परांशी चर्चा करण्यापूर्वी वेगवेगळे लिहावे. आणि जे दिसले ते व जे अनुमानिले ते यांची गल्लत होऊ देऊ नये. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरणारा कुबडधारी डॉल्फिन व पाठीवर पर नसलेला शिंशुक यांतील भेद एवढ्या नोंदीवरूनही करता येतो. मच्छीमाराने सांगितलेले नाव त्याच्याच उच्चारात टिपावे, कारण त्या नावामागे अनेक पिढ्यांचे दर्शन असते.

रघुवंशातील तिमीचे ज्ञान कोणा अनाम प्रत्यक्षदर्शीमुळे वाचले. त्याचे नाव, स्थळ व काळ मात्र लोपले. अकोटहून समुद्र पाहण्यास गेलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत ही तिन्ही राहिली, तर त्याचे दर्शन उद्याच्या इतिहासकारास साधन म्हणून वापरता येईल.