चुलीचा धूर आणि सरपणाचा हिशेब

हैदराबादेतील मुसी नदीच्या दक्षिणेस वसलेल्या मलकपेठेत आज गॅसची शेगडी ही नित्याची वस्तू आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी मात्र अशा पेठांतील स्वयंपाक लाकूड, कोळसा व गोवऱ्या यांवरच होई. सरपणाबरोबर घरात धूर येई, आणि तो सोसावा लागे गृहिणीस.

या धुरावर उपाय शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न हैदराबादेतच झाला. तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल तयार केली व १९५३ साली तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. एकाच जाळावर चूल आणि वैल दोन्ही तापावीत व धूर छपराबाहेर जावा, ही त्यामागील कल्पना. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगनचूलही याच विचारातून जन्मली.

पुढे दोन मोठ्या देशांनी हे काम हाती घेतले. त्यांच्या फलांतील अंतर पाहण्याजोगे आहे. चीनमध्ये १९८२ ते १९९२ या काळात सुमारे १२ कोटी ९० लाख सुधारित चुली बसल्या. सरपणाची टंचाई असलेले तालुके प्रथम निवडले गेले आणि खर्चाचा मोठा वाटा कुटुंबांनीच उचलला. भारतात १९८३ ते २००२ या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्याची नोंद झाली. परंतु अनुदानावर बांधलेल्या कित्येक चुलींना तडे गेले, धुराडी काजळीने भरली आणि दुरुस्तीस कोणी फिरकले नाही. घरधनिणीच्या भांड्यांचे माप न घेता बांधलेली चूल टिकणार तरी कशी?

म्हणूनच २०११ च्या जनगणनेत भारतातील ४९ टक्के कुटुंबे लाकडावरच स्वयंपाक करीत असल्याचे आढळले. आंध्र प्रदेशाची १९९९ ची दीपम योजना व केंद्राची २०१६ ची उज्ज्वला योजना यांनी गॅस गरिबांच्या दारी नेला. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरांतील सुमारे ९० टक्के घरांत स्वच्छ इंधन होते, तर खेड्यांत अवघ्या ४३ टक्के घरांत.

स्वीडन, फिनलंडसारखे संपन्न देशही लाकूड जाळतात. पण ते कारखानावजा भट्टीत, आणि तिची ऊब नळांवाटे घरोघर पोहोचते. तेथे लाकूड जाळूनही स्वयंपाकघरात धूर नाही. याचा अर्थ असा, की दोष केवळ लाकडाचा नव्हे. रानातून आणलेले सरपण फुकट मिळते असे म्हणतात. त्याचे मोल मोळी वाहणारी स्त्री आपल्या वेळाने व श्वासाने चुकविते. ते मोल हिशेबात धरले जाईल तेव्हाच चुलीचा प्रश्न सुटेल.