सातेरीची पेटी

आमच्या लहानपणी मध काढायचा म्हणजे मोहोळाला धूर द्यायचा, पोळे कापून फडक्यात पिळायचे. मधाबरोबर अळ्याही पिळल्या जात. कुणाला काही वाटत नसे, मलाही नाही.

१८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी हेरले, की सुमारे एक सेंटिमीटर फट ठेवली तर माश्या ती बुजवत नाहीत. त्यातून चौकटी सुट्या उचलता येणारी पेटी झाली. मधयंत्रात चौकट फिरवायची, पोळे शाबूत परत ठेवायचे. पण आपली सातेरी माशी लहान. १९१० च्या दशकात दक्षिणेत फादर न्यूटन यांनी तिच्या मापाची पेटी बनवली.

२०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर देशातले पहिले मधाचे गाव ठरले, तेव्हा ते पिळलेले फडके आठवले. वर्गात मी सुधारणा म्हणजे नवे यंत्र, असेच शिकवत आलो. माशीचे माप घ्यायचे राहूनच गेले.