चाकं पोटात घेण्याची किंमत

घरी बांधलेलं विमान म्हटलं की मराठी माणसाला अमोल यादव आठवतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान उभं केलं आणि 2017 मध्ये त्याची सरकारी नोंदणी मिळवली. भारतात ही अपवादाची गोष्ट. अमेरिकेत मात्र या छंदाला मोठी परंपरा आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकीत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. 1970 पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो. गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या या मंडळींना एक प्रश्न सुरुवातीपासून छळत आला आहे: उड्डाणानंतर चाकं पोटात घ्यायची की तशीच लोंबकळत ठेवायची?

प्रश्न वेगाचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. सावकाश उडणाऱ्या विमानाला बाहेरची चाकं फारशी जड जात नाहीत; वेगवान विमानाला ती नांगरासारखी मागे ओढतात. म्हणूनच 1920 च्या गॉर्डन बेनेट शर्यतीत उतरलेल्या डेटन-राइट आरबी-1 या विमानात कॉकपिटमधून हँडल फिरवून चाकं आत घेण्याची सोय होती. पुढे मोठ्या विमानांत हे काम हायड्रॉलिक्सकडे गेलं. पंपाने तेलावर दाब दिला की बारीक नळ्यांतून तो हव्या त्या कोपऱ्यात पोचतो आणि तिथला दट्ट्या जड पाय सहज उचलतो. पण त्या विमानांमागे कारखाना आणि मेकॅनिकांची फौज असते. घरी बांधलेल्या विमानामागे बहुधा एकच माणूस असतो.

हे ओळखून काही मोठ्या डिझायनरांनी हायड्रॉलिक्सला लांबूनच नमस्कार केला. ऑशकॉशचे स्टीव्ह विटमन यांनी स्प्रिंग स्टीलच्या पट्टीचा पाय बनवला. त्यात हलणारा सांधा नाही, तेल नाही. धक्का बसला की पट्टीच लवते. ही कल्पना पुढे सेस्नाने उचलली. बर्ट रुटान यांच्या 1975 च्या व्हेरीईझमध्ये मागची दोन चाकं स्थिर आहेत. फक्त नाकाचं चाक आत जातं, तेही पायलटने हाताने हँडल फिरवल्यावर. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही विमानांनी तर चाकं बाहेर ठेवूनच ताशी 200 मैलांच्या आसपास मजल मारली.

1980 च्या दशकात फायबरग्लासच्या गुळगुळीत किट्सनी पारडं फिरवलं. स्टोडार्ड-हॅमिल्टनचं ग्लासएअर आरजी आणि लान्स नायबॉवर यांचं लँकेअर ही अतिशय वेगवान विमानं. त्यांच्यात विजेच्या मोटरवर चालणारा छोटा हायड्रॉलिक पंप आला आणि त्याबरोबर दुखणीही आली.

लँकेअर 320 आणि 360 मध्ये आत घेतलेली चाकं अडकवून ठेवणारा यांत्रिक आकडा नाही. ती तेलाच्या दाबावरच वर राहतात. दाब उतरला की प्रेशर स्विच पंप पुन्हा सुरू करतो. सिलिंडरमधलं रबरी सील थोडं झिजलं, तर तेल बाहेर न सांडता आतल्या आत दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे झिरपतं. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. उडताना पंप मात्र पुन्हा पुन्हा सुरू होतो. उंचावर गारठ्याने तेल आकसलं तरी दाब उतरतो. पंपाचं हे वारंवार चालणं साधी कुरकुर आहे की येऊ घातलेला बिघाड, हे त्या विमानाची रोजची सवय असलेल्यालाच कळतं.

दुसरं दुखणं तेलाचंच. विमानाचं लाल हायड्रॉलिक तेल खनिज असतं आणि त्याला नायट्राइल रबराची सीलं चालतात. मोटारीचं ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल वेगळ्या रबरासाठी असतं. एकाच्या जागी दुसरं ओतलं तर सीलं फुगतात आणि दट्ट्या अडकतो. दोन्ही डबे गॅरेजच्या एकाच फळीवर सापडू शकतात.

बिघाड झालाच तर शेवटचा आधार गुरुत्वाकर्षणाचा. लँकेअरमध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडला की मुख्य चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात आणि नाकाच्या चाकाला गॅस स्ट्रट ढकलतो. पण तो स्ट्रट वर्षागणिक मंदावतो. शिवाय विमान जॅकवर चढवून केलेल्या चाचणीत समोरचा वारा नसतो, त्यामुळे तिथे छान उघडणारं चाक हवेत अर्ध्यावर अडू शकतं. तिन्ही चाकं आत राहिली तर विमान पोटावर घसरतं, प्रोपेलर वाकतो आणि इंजिन उघडून तपासावं लागतं. एकच पाय उघडला नाही तर विमान धावपट्टीवर गिरकी घेण्याचा धोका असतो.

अमेरिकन नियमांनुसार विमान बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना मिळू शकतो. विमान विकलं की तो परवाना नव्या मालकाकडे जात नाही. कुठली नळी आराखड्यापेक्षा वेगळी वळवली, कुठलं सील कधी बदललं हे लिहून ठेवलेलं नसेल, तर तेही जुन्या मालकाबरोबरच जातं. किट बनवणारी कंपनीही कायम टिकत नाही. स्टोडार्ड-हॅमिल्टन 2000 मध्ये बंद पडली आणि ग्लासएअर पुढे नव्या मालकांकडे गेलं.

1998 मध्ये लँकेअरने कोलंबिया 300 हे कारखान्यात तयार होणारं विमान प्रमाणित करून घेतलं, तेव्हा त्याची चाकं स्थिर ठेवली. त्याच वर्षी प्रमाणित झालेल्या सिरस एसआर20 चीही चाकं स्थिरच. सिरसच्या क्लॅपमायर बंधूंचं पहिलं किट, व्हीके-30, मात्र चाकं आत घेणारं होतं. ग्राहक अनोळखी असेल आणि देखभाल कोण करेल याची खात्री नसेल, तेव्हा किटच्या दुनियेतून आलेल्या या दोन्ही कंपन्यांनी थोडा वेग सोडला.

याचा अर्थ लँकेअर बांधणाऱ्यांचं चुकलं असा नाही. त्याच इंजिनावर इतका वेग देणारी विमानं थोडीच आहेत. मात्र आज असं जुनं विमान विकत घेणाऱ्याने रंग आणि वेगाचे आकडे नंतर पाहावेत. आधी विमान जॅकवर घ्यावं, व्हॉल्व्ह उघडून तिन्ही चाकं पंपाशिवाय खाली येऊन लॉक होतात का ते बघावं, गॅस स्ट्रट कधी बदलला ते विचारावं आणि बांधणाऱ्याची वही मागून घ्यावी. वहीच नसेल तर सीलं, नळ्या आणि स्ट्रट नव्याने बसवण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावी.