पालवी व पर्जन्यशकुन (जालना जिल्हा)

वृक्षांची पानगळ, पालवी व बहर यांवरून येत्या पावसाळ्याचा अदमास बांधण्याची शेतकऱ्यांची परंपरागत विद्या. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या, गोदावरी, दुधना व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील या अवर्षणप्रवण मुलखात वर्षाकाठी सरासरी सुमारे ६०० ते ७०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक हिस्सा मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांतच येतो. त्यामुळे पेरणीची वेळ हुकली की घरातले बियाणे मातीमोल होते, आणि झाडाकडे पाहण्याची नजर ही निर्वाहाची बाब ठरते. जुन्या दप्तरी वापरातील शुहूर सन या कालगणनेची सुरुवात सूर्याच्या मृगप्रवेशापासून होत असल्याने त्याला ‘मृगसाल’ म्हणत; म्हणजे जुने सरकारी दप्तरही ‘मिरगा’कडेच डोळे लावून असे.

बांधावरचा लिंब माघ-फाल्गुनात पाने झाडतो आणि गुढीला डहाळी बांधण्याच्या सुमारास तांबूस पालवी व मोहर लेऊन उभा राहतो. पळस आधी फुलतो, मग पानांवर येतो. आभाळात ढग नाही, विहिरींनी तळ गाठलेला, आणि अशा उन्हात हा कोवळेपणा येतो कोठून? पाने गळाल्याने बाष्पोत्सर्जन थांबते, खोल मुळांनी ओढलेले पाणी खोडात साठते आणि दिवसमान वाढू लागले की कळ्या उकलतात. अर्थात पालवीत वाचता येते ती मुख्यतः गतसालाची ओल. पुढच्या सालाचा निर्णय तीत शोधणे हा या विद्येचा कच्चा दुवा होय.

तथापि तिला भोळसट समज म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो, बिबा, खैर वा शमी अतोनात बहरल्यास अवर्षण पडते, असे सांगितले जाते. यांपैकी खैर व शमी यांवरून दुर्भिक्ष आणि बिब्यावरून भय, तसेच लिंबावरून सुभिक्ष ओळखावे, हे वराहमिहिराने सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’च्या कुसुमलताध्यायात नोंदविले आहे. इतक्या दीर्घ काळ, कागदाचा आधार नसलेल्या घरांतूनही झाडांचे हे निरीक्षण टिकून राहिले, हे मोलाचे आहे.

शिवाय जाणता शेतकरी केवळ शकुनावर भिस्त ठेवीत नाही. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असे कृषी खाते आज बजावते. लिंब कितीही मोहरलेला असो, वावरात हात खुपसून वीतभर ओल लागल्याखेरीज शेतकरीही चाड्यावर मूठ धरीत नाही.