पत्त्यांच्या वहीची झेरॉक्स

मंडळी, या शनिवारी पर्लचा थोडा जुना इतिहास. लॅरी वॉलने १९८७ मध्ये ही भाषा आणली. पर्ल ४ पर्यंत अ‍ॅरेमध्ये साधे आकडे नाहीतर शब्द ठेवायचे. अ‍ॅरेच्या पोटात दुसरा अ‍ॅरे ठेवायची सरळ सोयच नव्हती. त्यामुळे कॉपी करायची म्हणजे बरोबरचं चिन्ह टाकलं की झालं!

ऑक्टोबर १९९४ मध्ये पर्ल ५ आली, ती रेफरन्स घेऊन. आता हॅशमध्ये अ‍ॅरे, त्यात पुन्हा हॅश, हवे तेवढे मजले चढवा. बरोबरचं चिन्ह मात्र होतं तसंच राहिलं. ते फक्त वरचा मजला कॉपी करतं, आणि तिथे असतात नुसते पत्ते. पत्त्यांच्या वहीची झेरॉक्स काढली म्हणून घरं दोन होतात का? मूळ सेटिंगची 'कॉपी' एका युजरसाठी बदलायला जावं, तर ती सगळ्यांचीच बदलते. एरर नाही, वॉर्निंग नाही. असा बग शोधताना रात्र जाते.

मग लोकांनी जुगाड केला. डेटा डम्पर मॉड्यूलने अख्खी रचना मजकूर म्हणून लिहून काढायची आणि इव्हॅलने परत वाचायची. चालायचं, पण आत एखादं फंक्शन असलं तर त्याच्या जागी नुसतं 'डमी' यायचं. काहीजण स्वतःच रिकर्सिव्ह सबरूटीन लिहायचे. रेफरन्स दिसला की आत शिरायचं. पण बापाकडे मुलाचा पत्ता आणि मुलाकडे बापाचा असेल तर? गोल गोल फिरत बसा, मेमरी संपेपर्यंत!

यावर उपाय म्हणजे, कुठे कुठे जाऊन आलो याची यादी ठेवायची. तोच पत्ता पुन्हा आला की नवं घर बांधायचं नाही, आधी बांधलेल्याचा पत्ता द्यायचा. स्टोरेबल मॉड्यूलचं डीक्लोन हेच करतं. जुलै २००२ च्या पर्ल ५.८ पासून ते भाषेसोबतच येतं.

पुढे जावास्क्रिप्टवालेही याच वाटेने गेले. २००९ च्या ईएस५ मध्ये जेसनची सोय झाली आणि लोक त्यातून मजकूर करून परत वाचू लागले. त्यात तारखेची स्ट्रिंग व्हायची. ब्राउझरमध्ये स्ट्रक्चर्डक्लोन यायला २०२१-२२ उजाडलं.

एक गोष्ट मात्र अजून आपल्याकडेच आहे. आत डेटाबेसचं कनेक्शन किंवा उघडी फाइल असेल तर तिची कॉपी काय कामाची? कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं. असो, पुढच्या शनिवारी भेटूच.